‘कारण अज्ञात’ हे निदान नव्हे

पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाची सूज, दोनच कारणांनी होतो: दारू किंवा पित्ताशयातले खडे. दोन्ही नसतील तर फार खोलात शिरू नये. सूज उतरली, लायपेज खाली आलं, पेशंट जेवायला लागला की घरी सोडावं; पुन्हा दुखलं तर पुन्हा दाखल करावं. वय झालं की शरीरात लहानसहान सिस्ट सापडतातच. त्या शोधत बसणं म्हणजे धडधाकट माणसाला आजारी ठरवणं आणि मोठ्या हॉस्पिटलांची बिलं वाढवणं. आणि समजा कॅन्सरच निघाला, तरी स्वादुपिंडाच्या कॅन्सरपुढे आजवर कुणाचं काय चाललंय?

हा युक्तिवाद मुंबईत अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. नर्सिंग होमच्या बाकावर, नातेवाइकांच्या फोनवर, कधी थेट डॉक्टरांच्या तोंडून. तो करणाऱ्या माणसांना रुग्णाचं वाईट व्हावं असं वाटत नाही. अनावश्यक तपासण्यांनी पोळलेली घरं त्यांनी पाहिलेली असतात आणि त्यांच्या बोलण्यात काही सत्यही आहे. म्हणूनच त्यांचं म्हणणं झटकून न टाकता एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं असं आहे: चाळिशी ओलांडलेल्या माणसाला पॅन्क्रियाटायटिसचा दुसरा झटका येतो आणि त्याचं कारण सिद्ध झालेलं नसतं, तेव्हा डिस्चार्ज कार्डावर ‘कारण अज्ञात’ लिहून त्याला वाटेला लावणं चूक आहे. अशा झटक्यांमागे कधीकधी कॅन्सरच्या आधीची अवस्था लपलेली असते, आणि हा अवयव इतकी आगाऊ सूचना फार थोड्यांना देतो.

आधी घडतं काय ते पाहू. जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवं पसरलेलं स्वादुपिंड जेमतेम वीतभर लांब असतं. रोज लिटरभर किंवा त्याहून अधिक पाचकरस बनवून ते एका अरुंद नळीतून लहान आतड्यात सोडतं. निरोगी माणसात ही मुख्य नळी दोन-तीन मिलिमीटर रुंद असते. रसातली प्रथिनं पचवणारी एन्झाइम्स आतड्यात पोचेपर्यंत निष्क्रिय असतात. रस वाटेतच अडला, तर ती आतच सक्रिय होतात आणि ज्या अवयवाने त्यांना बनवलं त्यालाच पचवू लागतात. वरच्या पोटातून पाठीत जाणारी ती असह्य कळ इथून सुरू होते.

नळी अडवणारी वस्तू पित्ताचा खडा असू शकते. ती नळीच्या अस्तरातच वाढलेली पेशींची गाठही असू शकते. आयपीएमएन नावाच्या विकारात अस्तराच्या पेशी बोटांसारख्या उंचवट्यांनी नळीत वाढतात आणि दाट, चिकट श्लेष्मा सोडत राहतात. त्या श्लेष्म्याचा गोळा नळीत अडकला की झटका येतो. गोळा पुढे सरकला की कळ थांबते, लायपेज उतरतं आणि घरात सगळे सुटकेचा श्वास टाकतात. वाढलेलं अस्तर मात्र जागच्या जागी असतं. अंधेरीच्या सबवेत साचलेलं पाणी पंपाने उपसलं म्हणून नाला मोकळा होत नाही, पुढच्या पावसात पाणी पुन्हा भरतंच. सलाईन, उपास आणि वेदनाशामकांनी उतरवलेल्या सुजेचंही तसंच आहे.

हा विकार वैद्यकाला अलीकडे कळला. 1982 साली जपानमध्ये ओहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्लेष्मा सोडणाऱ्या स्वादुपिंडाच्या गाठींचं वर्णन केलं. आतड्यात उघडणारं नळीचं तोंड सुजून त्यातून श्लेष्मा ओघळताना त्यांना दिसला. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात आज रूढ असलेलं नाव 1996 साली आलं. अस्तराच्या पेशी आधी किंचित बिघडतात, मग जास्त बिघडतात, आणि काही रुग्णांत पुढे आजूबाजूच्या मांसात घुसतात. पहिल्या दोन पायऱ्यांवर तो कॅन्सर नसतो, तिसरीवर असतो. शस्त्रक्रियेने काढलेल्या आयपीएमएनच्या मालिकांत मुख्य नळीच्या प्रकारात सरासरी 60 टक्क्यांच्या आसपास रुग्णांत पेशी अतिशय बिघडलेल्या किंवा कॅन्सर झालेल्या आढळल्या. उपनळ्यांच्या प्रकारात हेच प्रमाण 25 टक्क्यांच्या आसपास होतं. शस्त्रक्रियेपर्यंत पोचलेले रुग्ण मुळातच अधिक धोक्याचे असतात, त्यामुळे हे आकडे प्रत्येक आयपीएमएनला लावता येत नाहीत. पण ‘सिस्ट काय, असतेच’ असं म्हणून मुख्य नळीच्या विकाराकडे पाठ फिरवायची मोकळीकही ते देत नाहीत. आयपीएमएन एकटाच नाही. नळी आतड्यात उघडते त्या तोंडावरचा ॲडेनोमा हाही कॅन्सरच्या आधीचा विकार आहे, आणि वारंवार सूज आणून तोही आपलं अस्तित्व कळवू शकतो.

आता पहिला मुद्दा: दोनच कारणं. बहुतेक झटके खड्यांनी किंवा दारूने येतात, हे खरं आहे. पण रक्तातली ट्रायग्लिसराइड्स हजाराच्या वर गेली तरी पॅन्क्रियाटायटिस होतो. पॅराथायरॉइड ग्रंथी बिघडून कॅल्शियम वाढलं तरी होतो. ॲझाथायोप्रिन, व्हॅल्प्रोएट अशा औषधांनी होतो, शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच स्वादुपिंडावर हल्ला केल्याने होतो, जनुकांतल्या दोषाने होतो. नेहमीच्या तपासण्या झाल्यावरही साधारण 10 ते 30 टक्के रुग्णांत कारण हाती लागत नाही. ही संख्या लहान नाही, आणि त्या सगळ्यांना एकाच शब्दाखाली जमा करून मोकळं होणं हे शास्त्र नाही.

दारूच्या शिक्क्याने तर दुहेरी नुकसान होतं. दारूमुळे पॅन्क्रियाटायटिस झाला असं म्हणायला सामान्यतः पाच किंवा अधिक वर्षं, रोज 50 ग्रॅमहून जास्त अल्कोहोल पोटात गेलेलं असावं लागतं. आपल्या मापाने ते रोजचे जवळजवळ अडीच लार्ज पेग होतात. लग्नात आणि 31 डिसेंबरला दोन पेग घेणाऱ्या गृहस्थाच्या केस पेपरवर ‘अधूनमधून घेतात’ असं लिहिलं जातं, पुढच्या डॉक्टरांच्या हातात जाईपर्यंत त्याचं ‘अल्कोहोलिक पॅन्क्रियाटायटिस’ होतं, आणि तिथे शोध संपतो. शिवाय दारूच्या व्यसनाचे उपचार मेडिक्लेमच्या पॉलिसीत वगळलेले असतात, त्यामुळे त्या एका शब्दावरून दावा अडकू शकतो. बायको-मुलांसमोर तो माणूस अपराधी ठरतो तो वेगळाच. न पिणाऱ्या बाईच्या बाबतीत उलट घडतं: तिचं दुखणं वर्षानुवर्षं ॲसिडिटी आणि गॅस म्हणून अँटासिडवर काढलं जातं.

खड्यांच्या शिक्क्याचीही तीच गत. सोनोग्राफीत पित्ताशयात गाळ दिसला, पित्ताशय काढलं, इथवर ठीक. पण पित्ताशय काढल्यावरही झटके येत राहिले, तर पहिलं अनुमान अपुरं ठरलं. अशा वेळी पित्तनलिकेत मागे राहिलेला खडा शोधणं आणि तो नसेल तर नळीचं अस्तर तपासणं, हे दोन्ही करावं लागतं. ‘ऑपरेशन झालंय, आता पथ्य सांभाळा’ एवढ्यावर रुग्णाची बोळवण करणं योग्य नाही.

दुसरा मुद्दा: सूज उतरली म्हणजे प्रकरण मिटलं. लायपेज आणि अमायलेज आज सूज आहे की नाही एवढंच सांगतात. ती का आली, हे सांगण्याची त्यांची क्षमताच नाही. नॉर्मल लायपेजवर विसंबून फाइल बंद करणारा डॉक्टर, जे त्या तपासणीला कधी विचारलंच नाही त्याचं उत्तर तिच्याकडून आल्याचं गृहीत धरतो.

तिसरा मुद्दा सगळ्यात जास्त फसवणारा आहे, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. ‘सोनोग्राफी झाली, सीटी झाला, दोन्हींत काही नाही.’ पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत आतड्यातला गॅस स्वादुपिंडावर पडदा टाकतो; शेपटाकडचा भाग बहुतेकदा दिसतच नाही, आणि रिपोर्टात तसं लिहिलेलंही असतं, फक्त ते कुणी वाचत नाही. सीटी चांगला असतो, पण तो झटक्याच्या ऐन भरात काढलेला असतो. सुजलेल्या, पाणी भरलेल्या अवयवात काही मिलिमीटरचा उंचवटा सहज हरवतो. म्हणून सूज ओसरल्यावर, काही आठवड्यांनी, पुन्हा पाहावं लागतं. एमआरसीपीत, म्हणजे पित्त आणि स्वादुपिंडाच्या नळ्या दाखवणाऱ्या एमआरआयमध्ये, किरणोत्सर्ग नसतो आणि नळीचा संपूर्ण आराखडा दिसतो. एन्डोस्कोपिक अल्ट्रासाउंडमध्ये, म्हणजे ईयूएसमध्ये, दुर्बिणीच्या टोकाला बसवलेली सोनोग्राफी जठरात जाते आणि जठराच्या भिंतीपलीकडचं स्वादुपिंड अगदी जवळून न्याहाळते. स्वादुपिंडाच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2013 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत, नेहमीच्या तपासण्यांत कारण न सापडलेल्या रुग्णात पुढची पहिली पायरी म्हणून ईयूएसच सांगितला आहे. म्हणजे मी मागतो आहे ते नवं किंवा चैनीचं नाही. एका तपाहून जुनं प्रस्थापित वैद्यक आहे.

प्रतिमा डोळ्यांसमोर असूनही एक गफलत होते. मुख्य नळी फुगलेली दिसते आणि रिपोर्ट येतो: ‘क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस’. जुनाट सुजेतही नळी फुगते, हे खरं. पण श्लेष्म्याने भरलेली नळीही फुगते, आणि वरवर दोन्ही सारख्याच दिसू शकतात. ज्याने कधी जास्त दारू घेतली नाही, ज्याच्या नळीत खडा नाही, नळी अडवणारं अरुंदपण कुठे दिसत नाही, आणि वय साठीकडे झुकलेलं आहे, त्याची नळी का फुगली, हा प्रश्न विचारल्याशिवाय ‘क्रॉनिक’ हा शब्द लिहिला जाऊ नये. तसंच झटक्यानंतर दिसलेल्या प्रत्येक सिस्टला ‘स्यूडोसिस्ट’, म्हणजे सुजेने साचलेलं पाणी, असं म्हणण्याची घाई होते. सिस्ट झटक्यामुळे झाली की झटका सिस्टमुळे आला, हे जुना स्कॅन शेजारी ठेवून पाहिल्यावरच ठरतं. पहिल्या झटक्याच्या दिवशीच ती सिस्ट तिथे असेल, तर ती त्या झटक्याची परिणती कशी असेल?

चौथा मुद्दा: आपल्याकडे हा कॅन्सर दुर्मीळ आहे. देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी 1963 साली याच शहरात सुरू झाली, आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर भारतात दरवर्षी लाखामागे एक-दोन जणांना होतो हे आपण अशा नोंदींमुळेच म्हणू शकतो. आकडा खरा आहे. पण तो रस्त्यावरच्या कुणाही माणसाचा आहे. वारंवार, विनाकारण पॅन्क्रियाटायटिस होणारा पन्नाशीचा माणूस त्या लाखांतला कुणीही एक राहत नाही; त्याचा गट वेगळा, त्याची जोखीम वेगळी. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या एका मोठ्या अभ्यासात स्वादुपिंडाचा कॅन्सर झालेल्यांपैकी जवळजवळ 11 टक्क्यांना निदानाआधीच्या दोन वर्षांत पॅन्क्रियाटायटिसचा झटका येऊन गेला होता. अमेरिकन गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीच्या तज्ज्ञांनी 2013 साली स्पष्ट लिहिलं की चाळिशीपुढच्या माणसात पॅन्क्रियाटायटिसचं संभाव्य कारण म्हणून गाठीचा विचार करावा.

परदेशी आकडे आपल्याला लागू नाहीत असं कुणी म्हणेल, तर भारतातलंच पाहा. उष्ण कटिबंधातला खडेदार पॅन्क्रियाटायटिस केरळमध्ये डॉ. गीवर्गीस यांनी गेल्या शतकात तपशिलाने नोंदवला. तरुणपणी पोटदुखी, मग मधुमेह, स्वादुपिंडात खडे, आणि दारूचा संबंध नाही. चेन्नईत सुरेश चारी, व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी 1994 साली दाखवून दिलं की या रुग्णांना स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा धोका सामान्य माणसाच्या शंभर पट आहे. आपल्या देशातल्या अनेक रुग्णांत स्पिंक-1 या जनुकाचा दोष सापडतो. आनुवंशिक पॅन्क्रियाटायटिसचं पीआरएसएस-1 हे जनुक 1996 साली सापडलं. त्या घराण्यांत आयुष्यभराची कॅन्सरची जोखीम 40 टक्क्यांपर्यंत जाते असं पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालं. म्हणजे वय कमी असलं म्हणूनही प्रश्न सुटत नाही. तिशीच्या आत विनाकारण झटके येत असतील, किंवा बापाला-काकांना हेच दुखणं होतं असं घरात कुणी सांगत असेल, तर जनुकीय तपासणीचा विषय निघायलाच हवा.

पाचवा मुद्दा माझ्या मते सर्वांत सशक्त आहे: अतितपासणी. अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञ मंडळाने 2019 साली, लक्षणं नसलेल्या लोकांची स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी सरसकट तपासणी करू नये, असं पुन्हा एकदा बजावलं. वय वाढतं तशा एमआरआयमध्ये सिस्ट अनेकांना दिसतात आणि त्यांतल्या बहुतेक आयुष्यभर काही करत नाहीत. शस्त्रक्रिया मोठी असते. व्हिपल ऑपरेशनमध्ये स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याचा पहिला भाग, पित्तनलिकेचा तुकडा काढून सगळं पुन्हा जोडावं लागतं. नंतर मधुमेह, गळती, महिनोन्महिने अशक्तपणा येऊ शकतो. हे सगळं मला मान्य आहे. हेल्थ चेकअपच्या पॅकेजात सगळ्यांचा एमआरसीपी घालणारी जाहिरात कुणी केली, तर तिच्या विरोधात मी या मंडळींच्याच बाजूला उभा राहीन.

पण त्या शिफारशीचे शब्द नीट वाचा: लक्षणं नसलेले लोक. रात्री दोन वाजता पोट धरून रिक्षातून कॅज्युअल्टीत आलेला, वर्षात दुसऱ्यांदा दाखल झालेला माणूस लक्षणं नसलेला कसा? सरसकट तपासणीविरुद्धचा युक्तिवाद त्याच्यावर लावणं म्हणजे खोकल्यातून रक्त पडणाऱ्याला छातीचा एक्स-रे नाकारणं. आणि सापडलेल्या प्रत्येक सिस्टवर सुरी चालवायची नाही, हे ठरवायलाच तर आंतरराष्ट्रीय नियम बनले: 2006 चे सेंदाईचे, 2012 चे फुकुओकाचे, 2017 ची त्यांची सुधारणा, 2024 चे क्योतोचे. कुणाचं ऑपरेशन, कुणाची सहा महिन्यांनी तपासणी, कुणाची वर्षाने, याची ती चाळणी आहे. नळी 10 मिलिमीटर किंवा जास्त फुगलेली, रंगद्रव्य शोषणारी 5 मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ, कावीळ: ही मोठ्या धोक्याची चिन्हं. आणि काळजीच्या लक्षणांच्या यादीत पॅन्क्रियाटायटिसचं नाव स्वच्छ लिहिलेलं आहे. अतितपासणीची भीती दाखवणाऱ्यांनी ज्या शास्त्राचा आधार घ्यावा, तेच शास्त्र या रुग्णाकडे बोट दाखवून ‘याला नीट पाहा’ म्हणतं.

शिवाय हा शोध फक्त कॅन्सरसाठी नसतो. विनाकारण ठरवलेल्या रुग्णांत ईयूएस केल्यावर निम्म्याहून अधिक जणांत काही ना काही कारण सापडतं, आणि त्यांतल्या मोठ्या हिश्श्यात ते साधं असतं: सोनोग्राफीत न दिसलेले बारीक खडे, पित्तातला गाळ. म्हणजे बहुतेकांना या तपासणीतून दिलासाच मिळेल आणि पुढचे झटके टळतील. तेव्हा रुग्णाच्या खिशाची काळजी असणाऱ्यांनी हिशोब पूर्ण मांडावा. वर्षातून दोनदा चार-चार दिवस दाखल होणं, बुडालेली रजा, आयसीयूचं बिल, हे एका ईयूएसपेक्षा स्वस्त कधी झालं?

इथे विमा व्यवस्थेचा दोष स्पष्ट बोलायला हवा. विमा नियामकाने प्रमाण केलेल्या वगळण्याच्या यादीत केवळ तपासणी आणि निदानासाठी दाखल होण्याचा खर्च वगळलेला आहे. म्हणून तिसऱ्या, चौथ्या झटक्याचं बिल कॅशलेसमध्ये निघतं, पण झटका नसताना, शांतपणे कारण शोधायला गेलं की खर्च पदरचा. आजार वाढू देणाऱ्याला पैसे आणि थांबवू पाहणाऱ्याला नकार, असा हा नियम पडतो. नोंदवलेल्या पुनरावर्ती पॅन्क्रियाटायटिसनंतरचा ईयूएस आणि एमआरसीपी हा त्याच आजाराच्या उपचाराचा भाग मानला पाहिजे, अशी मागणी ग्राहक संघटनांनी आणि डॉक्टरांच्या संघटनांनी लावून धरावी.

शेवटचा मुद्दा हताशेचा: कळून तरी काय उपयोग? ही हताशा मराठी घरांत का रुजली, ते मला समजतं. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर, 1978 साली पवईच्या आयआयटीतून अभियंता होऊन बाहेर पडलेले, फेब्रुवारी 2018 मध्ये वांद्र्याच्या लीलावती रुग्णालयात दाखल झाले तेव्हा बातम्यांत नाव आलं ते सौम्य पॅन्क्रियाटायटिसचं. 22 फेब्रुवारीला परतून त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. मार्चमध्ये ते उपचारांसाठी अमेरिकेला गेले. ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांच्याच मंत्रिमंडळातल्या आरोग्यमंत्र्यांनी स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं नाव उघडपणे घेतलं, आणि 17 मार्च 2019 ला, 63 व्या वर्षी, ते गेले. त्यांच्या डॉक्टरांना कधी काय कळलं होतं, हा त्या कुटुंबाचा खाजगी विषय आहे आणि त्यावरून उपचारांबद्दल काहीही अनुमान काढणं अन्यायाचं होईल. पण त्या तेरा महिन्यांत लाखो लोकांच्या मनात एक समीकरण बसलं: पॅन्क्रियाचं दुखणं म्हणजे शेवट, मग तपासायचं कशाला.

हे समीकरण दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे. पॅन्क्रियाटायटिस झालेल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही. तेव्हा पहिल्या झटक्यालाच घरात रडारड करण्याचं कारण नाही. आणि ज्यांच्यात कॅन्सरच्या आधीची अवस्था असते, त्यांच्यासाठी वेळ हीच सगळ्यात मोठी गोष्ट असते. 2010 साली यचिदा आणि सहकाऱ्यांनी कॅन्सरच्या गाठींतल्या जनुकीय बदलांवरून काळ मोजला. पहिल्या बिघाडापासून कॅन्सरची मूळ पेशी तयार व्हायला दहा वर्षांहून अधिक लागतात, आणि तिथून शरीरभर पसरण्याची ताकद यायला आणखी पाच वर्षं तरी जातात, असं त्यांना आढळलं. एवढी वर्षं हा आजार बहुतेकांत मुका असतो, म्हणून तर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण अमेरिकेसारख्या देशातही 13 टक्क्यांच्या आसपास अडकलं आहे. गाठ स्वादुपिंडापुरती असताना सापडली तर तिथलं हेच प्रमाण 44 टक्क्यांवर जातं. आणि आयपीएमएन मांसात घुसण्याआधी काढला, तर रुग्ण कॅन्सर होण्याआधीच सुटतो. नंतर उरलेल्या स्वादुपिंडावर नजर ठेवावी लागते, एवढंच. हताशेचा युक्तिवाद उशिरा सापडलेल्या आजाराच्या अनुभवावर उभा आहे. उशिरा सापडल्याचे परिणाम वाईट होते म्हणून लवकर शोधूच नये, असं म्हणण्यात कसलं तर्कशास्त्र आहे?

उपनगरांत हे हुकतं त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते कुणा एका डॉक्टरचं नाही. पहिला झटका ऑफिसजवळ अंधेरीत येतो, दुसरा घराजवळ बोरिवलीत, तिसरा मुलीकडे मुलुंडला गेलेलं असताना. तीन नर्सिंग होम, तीन केस पेपर, तीन वेगवेगळे रेडिऑलॉजिस्ट. प्रत्येक ठिकाणी तो पहिलाच झटका समजून उपचार होतात आणि तिन्ही ठिकाणचे उपचार आपापल्या परीने बरोबरही असतात. तीनही कागद शेजारी ठेवून पाहणारं कुणीच नसतं. नव्याने सुरू झालेला मधुमेह तर कुणी या दुखण्याशी जोडतच नाही. पन्नाशीनंतर शुगर लागणं आपल्याकडे इतकं सवयीचं झालंय की वजन उतरत असताना, पोट दुखत असताना लागलेली शुगरही गोळी देऊन पुढे ढकलली जाते. आत्ताच्या क्योतोच्या नियमांत नव्याने लागलेला मधुमेहही काळजीच्या लक्षणांत धरला आहे.

म्हणून मागण्या थेट करतो. राजावाडी, भगवती, अगरवाल, कूपर अशा पालिकेच्या उपनगरी रुग्णालयांतून केईएम, सायन आणि नायरच्या पोटविकार विभागांकडे अशा रुग्णांची ठरलेली वाट असावी: दुसरा विनाकारण झटका, वय चाळीसच्या पुढे, की चिठ्ठी आणि तारीख हातात. सिस्टमध्ये गाठ किंवा मुख्य नळीचा विकार दिसला, तर प्रश्न वर्षाला भरपूर स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रात जावा. परळचं टाटा मेमोरियल 1941 पासून याच शहरात आहे. अशा केंद्रांत या शस्त्रक्रियेतले मृत्यू 5 टक्क्यांच्या खाली आले आहेत, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी ऑपरेशनं करणाऱ्या ठिकाणी तशी खात्री देता येत नाही. आणि खाजगी डॉक्टरांना विनंती: डिस्चार्ज कार्डावर ‘कारण अज्ञात’ लिहावंच लागलं, तर त्याच्या खाली पुढची तपासणी कोणती आणि कधी, हे दोन ओळींत लिहा.

वाचकांनो, तुमच्या घरात कुणाला दुसऱ्यांदा पॅन्क्रियाटायटिस झाला असेल, तर सगळी डिस्चार्ज कार्डं आणि स्कॅनच्या सीडी एका फाइलमध्ये लावा. रिपोर्ट नव्हे, मूळ चित्रं जपा. डॉक्टरांना नम्रपणे पण ठामपणे विचारा: कारण सिद्ध झालं आहे का? नळी किती मिलिमीटर आहे? सूज ओसरल्यावर एमआरसीपी किंवा ईयूएस कधी करायचा? सिगारेट किंवा बिडी असेल तर ती आजच सोडा, कारण ती सूजही वाढवते आणि कॅन्सरही. बहुतेकांच्या वाट्याला साधंच कारण येईल. ज्या थोड्यांच्या वाट्याला साधं येणार नाही, त्यांचा जीव या प्रश्नांनी वाचू शकतो. कारण सापडेपर्यंत फाइल बंद करू नका, आणि दुसऱ्या कुणाला करू देऊ नका.